केवळरामचे पुढचे दोन दात

सौंदडच्या केवळरामला दोन कामं येतात. पावसाळ्यात ठेक्याच्या तीन एकरांत तो धान लावतो आणि लग्नसराईत श्यामलालच्या ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. पहिलं काम गावात शेदोनशे माणसांना येतं, दुसरं आता त्याला एकट्याला. म्हणून कुणी नवखा भेटला आणि "काय करता?" म्हणून विचारलं, तर केवळराम शेतीचं नावच काढत नाही. मान जराशी उचलतो आणि सांगतो, "मी क्लारनेटवाला होय."

वय सत्तेचाळीस, अंगाने काटकुळा. बँडच्या लाल कोटात असे दोन केवळराम मावतील. पण क्लॅरिनेट ओठाला लागलं की लग्नघरातल्या बाया भांडी घासता घासता थांबतात. नवरदेवाचा मित्र नाचायचं सोडून "काका, वही फिर से" म्हणत मागे लागतो. सव्वीस वर्षं हे असंच चाललं आहे.

त्याला दुसरा अभिमान आहे तो तोंडाचा. बँडमध्ये माणसं अकरा. त्यातले आठ तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात. एक जण गुडाखू घासतो. तंबाखू आणि गुळाचा तो काळा मलम आपल्याकडे दात साफ करण्याच्या नावाखाली सर्रास विकला जातो. घासणाऱ्याचे दात साफ होतात ते कायमचे. उरले दोघे, केवळराम आणि त्याचा उस्ताद मंगरू. या दोघांच्या तोंडात तंबाखूचा कण कधी गेला नाही. केवळराम हे सगळ्यांना ऐकवायचा. गाडीत कुणी खिडकीबाहेर पिंक टाकली की हा म्हणणार, "थुका, थुका. दात पडले का मंग माह्याकडे रडत नका येऊ."

आणि दात पडायची पाळी आली ती त्याच्यावरच.

जेठ महिन्यातलं शेवटचं लग्न होतं, कोहमाऱ्याच्या चौकाजवळच्या एका लॉनवर. नवरदेव फाटकात आला. तिथे केवळरामचा एक लांब, उंच सूर ठरलेला असतो. तो सुरू झाला की ढोल थांबतो, सगळे त्याच्याकडे बघतात. त्याने छाती भरून घेतली, वरचे दात माउथपीसवर टेकवले आणि फुंकलं. टेकवल्याबरोबर पुढच्या दोन दातांतून अशी कळ गेली की जबडा आपोआप सैल पडला. सूर चिरकला. कोंबडीच्या पायाला दोरी बांधून ओढावं तसा आवाज निघाला, आणि तो माइकवरून चौकापर्यंत गेला.

पोरं हसली. एक जण म्हणाला, "काका, अंडं देल्लं का?"

गाडीत सामान चढवताना श्यामलाल जवळ आला. श्यामलाल गोंदियाचा. अर्धी हिंदी, अर्धी मराठी बोलतो आणि कुणाचं ऐकायचं नसलं की पूर्ण हिंदीवर जातो.

"केवल, कितने दिन से है?"

"का?"

"दात. मैं देख रहा हूं, दो महिने से तू एक बाजू से फूंक रहा है."

केवळराम क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवू लागला.

"देख, सीझन निकल गया, अच्छा हुआ. आता दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईच्या जत्रा आहेत. तेव्हापर्यंत तोंड दुरुस्त कर. नाही झालं तर बोल. राजनांदगाव का एक कीबोर्डवाला बैठा है तैयार. त्याचं बटण दाबलं की क्लारनेट वाजते. बटन को दात नहीं लगते."

बटणाचं बोलणं केवळरामला चिरकलेल्या सुरापेक्षा जास्त लागलं. पण गाडीत बसल्यावर त्याची नजर गेली ती समोर बसलेल्या मंगरूवर. मंगरू मांडीवर झांज घेऊन डुलक्या घेत होता. हाच मंगरू एके काळी गोंदियापासून वडश्यापर्यंत क्लॅरिनेटचा राजा होता. केवळरामच्या बोटांना वळण लावलं ते त्याने. चार वर्षांपूर्वी त्याचे पुढचे सगळे दात गेले. कवळी बसवली, पण कवळी माउथपीसवर टिकेना. ताटात वाटी खडखडावी तशी खडखडायची. एका वरातीत ती निघून रस्त्यावरच पडली. त्यानंतर मंगरूने क्लॅरिनेट पेटीत ठेवलं ते ठेवलंच, आणि झांज हातात घेतली. झांजेला दात लागत नाहीत.

केवळरामने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

पुढच्या आठवडी बाजारात तो दातवाल्यासमोर जाऊन बसला. हा दातवाला दर बाजारी ताडपत्री टाकतो. पुढ्यात काचेची बरणी, तिच्यात उपटलेले दात, मागे हसणाऱ्या बाईचा फोटो. डिग्री कुठली ते विचारू नका. विचारणारे स्वतःच्या गाडीने नागपूरला जातात. न विचारणाऱ्यांसाठी ही ताडपत्री असते.

दातवाल्याने चिमट्याच्या मागच्या टोकाने दातावर टकटक केली. केवळरामच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दोन्ही गेले. काढून टाकू. तासाभरात नवे बसवून देतो, पांढरे शुभ्र."

"नवे माउथपीस धरतीन का?"

"काय धरतीन?"

"क्लारनेट. जोर पडते वरच्या दातावर."

दातवाला हसला. "भाऊ, लोकं भाकर चावता येईन का विचारतेत. बाजा विचारणारा तूच पयला." असं म्हणून त्याने गरम पाण्याच्या भांड्यात हात घातला आणि चिमटा काढला.

"उठा." मागून आवाज आला. "भाऊजी, उठा म्हणतो ना मी."

चंदा उभी होती. केवळरामची ही साळी, म्हणजे बायको रुख्माची धाकटी बहीण. त्याच गावात दिलेली आणि त्याच गावची आशा सेविका. हातात मेथीची जुडी, खांद्याला पिशवी. गावात कोणाला ताप आला, कोणाला दिवस गेले, कोणाचं पोर डोस घ्यायला आलं नाही, सगळं तिच्या वहीत असतं आणि वहीच्या आधी तोंडात.

"तू कायले मंधात येऊन राहिली?"

"तुमी कायले चिमट्याखाली बसून राहिले? हा चिमटा आता त्या म्हाताऱ्याच्या तोंडातून निंगाला. तोच तुमच्या तोंडात जाईन. दात तर जाईनच, वरतून कावीळ फुकट."

दातवाला चिडला. "बाई, धंद्यावर नको येऊस."

"धंदा करा ना बाप्पा. भेद्रं विका, वांगे विका. दात कायले विकता?" ती केवळरामकडे वळली. "सोमवारी गोंदियाले चला. मी येतो संगं."

सोमवारी दोघं सौंदडच्या स्टेशनावरून गाडीत बसले आणि गोंदियाला उतरले. दवाखाना डॉक्टर रुचीचा. तिशीच्या आतली मुलगी. चंदाने एकदा शाळेतल्या शिबिराला तिला बोलावलं होतं, तेव्हापासूनची ओळख. केवळरामला खुर्चीत आडवं केलं, डोळ्यांवर दिवा आणला आणि ती एकेक दात बघत राहिली. बराच वेळ.

"खर्रा?"

"हात नाही लावला कधी." केवळराम आडवा होता तरी मान वर झाली.

"गुडाखू? दारू?"

"नाही."

"गोड फार खाता? मिठाई, बिस्किटं?"

"सणावाराले. चहा दोन टाइम."

डॉक्टरने भुवया आवळल्या. "तुमच्या दाढा एकदम चांगल्या आहेत. खालचे दात चांगले आहेत. फक्त वरचे पुढचे दोन, ते पण हिरडीजवळ. असं कसं होईल? तिथे तुम्ही काहीतरी ठेवता."

"काही नाही ठेवत."

"भाऊजी," चंदा कोपऱ्यातून म्हणाली, "कोटाच्या खिशातली खडीसाखर."

"ते खाण्याचं नोहे," केवळराम तडकला. "ते वाजवण्याचं होय."

त्याच्या लेखी ते खरंच होतं. फुंकून फुंकून तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडात पत्ती बोलत नाही. पत्ती म्हणजे माउथपीसखालची वेताची पातळ फीत, सूर तिच्यातून निघतो. ती ओली राहायला हवी. म्हणून वाजवायच्या आधी वरच्या ओठाआड खडीसाखरेचा एक खडा सरकवून ठेवायचा. तो हळूहळू विरघळतो, तोंडाला पाणी सुटतं. विरघळला की दुसरा. मंगरूने ही युक्ती त्याला शिष्य केलं त्या दिवशी कानात सांगितली होती. बाकीच्या नऊ जणांना ती माहीतही नव्हती. केवळराम तिला बोटाला लावायच्या तेलासारखी समजत होता, बाजाचा एक भाग. खाण्यात ती त्याने कधी धरलीच नाही.

"एका लग्नात किती वेळ?" डॉक्टरने विचारलं.

"चार तास. कधी पाच."

"आणि किती वर्षं?"

"सव्वीस."

डॉक्टर स्टूल ओढून समोर बसली. तिने बोलताना घाई केली नाही, हे केवळरामला आवडलं. ती म्हणाली, दातावर किडे नसतात, डोळ्याला न दिसणारे जंतू असतात. त्यांना साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात. दाताच्या वरच्या कडक थरातून ते आम्ल चुना ओढून काढतं. हे प्रत्येकाच्या तोंडात प्रत्येक गोड घासाला होतं. पण लाळेत पण चुना असतो. घास संपला की लाळ आम्ल धुऊन काढते आणि गेलेला चुना परत भरत बसते. तिला थोडा वेळ लागतो, एवढंच. "तुम्ही पाच पाच तास खडा ठेवला. लाळेची पाळीच आली नाही. त्यात फुंकून तोंड कोरडं. म्हणजे लाळ पण कमी."

केवळराम छताकडे बघत होता.

"किती दात काढाचे?"

"काढायला कोण म्हणालं? एकाला बारीक खड्डा पडला आहे, तो आज भरून देते. खड्डा पडला की तो पेस्टने भरत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. बाकी जे पांढरे, खडूसारखे डाग आहेत, तिथे अजून भोक नाही. वरचा थर मऊ झाला आहे. हे मागे फिरू शकतं. लगेच नाही, महिने लागतील."

"मंडईपर्यंत?"

"खडा सोडला तर."

तिने खड्डा भरला, डागांवर कसलासा चिकट लेप लावला आणि मग एक पेस्टची नळी हातात देऊन तिची पाठ वाचायला लावली. केवळराम घरी लाल मंजन बोटावर घेऊन कसून रगडायचा. पांढरं दिसतं ना, मग झालं. नळीच्या मागच्या बारीक अक्षरांकडे त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. डॉक्टरने एकेक सांगितलं. ही बारीक भुकटी, ती दातावरचा चिकट थर घासून काढते. हा फेस करणारा पदार्थ. हे पेस्ट वाळू न देणारं. ही चव. आणि हे फ्लोराईड, हजार पीपीएमच्या आसपास. "सगळ्यात कमी मात्रा याची, आणि किडीविरुद्ध सगळ्यात मोठं काम याचंच. लाळेतला चुना मऊ झालेल्या जागी परत बसवायला हे मदत करतं. आणि हे मिसळून जो थर बसतो तो आम्लात आधीसारखा लवकर विरघळत नाही."

केवळराम विचार करत म्हणाला, "म्हणजे फेस हा डोक्यावर बत्त्या घेऊन चालणारा. लोकं त्यालेच पाहतेत. गाणं दुसराच वाजवते."

डॉक्टर हसली. "एकदम बरोबर."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग नळी घरी आली आणि रुख्माच्या हातात पडली.

रुख्मा केवळरामची बायको, सातवी शिकलेली. आलेला कागद वाचल्याशिवाय चुलीत घालत नाही. तिने नळी फिरवून वाचली आणि फणकाऱ्याने ओट्यावर आदळली.

"फ्लोराईड? अजी, हेच ना थे? माह्या माहेरच्या बोअरले लाल रंग मारला, थो कायच्यासाठी मारला? फ्लोराईड निंगालं म्हणून. माह्या भावाचे दात पाहा, पिवळे-भुरे पट्टे. सरकार म्हणते पिऊ नका, अन् तुमची डॉक्टर म्हणते दाताले लावा?"

केवळरामने ओट्यावरची नळी उचलली. मेव्हण्याचे दात त्याने पाहिले होते. नळी कोनाड्यात गेली आणि लाल मंजनाची डबी परत बाहेर आली. आठ दिवस तसेच गेले. धानाच्या रोवणीचे दिवस, चिखलात उभं राहून कंबर मोडलेली, वाद घालायला जीव कुणाला? पण मंजन रगडताना जिभेचं टोक त्या दोन दातांमागे जायचं आणि गाडीत डुलक्या घेणारा मंगरू आठवायचा.

नवव्या दिवशी चंदा आली. कोनाड्यातली नळी तिला उंबऱ्यातूनच दिसली. टोपणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"कोणं बंद केलं?"

"मी," रुख्मा म्हणाली. "तू भावाचे दात इसरली का?"

"नाही इसरली. मी पण त्याच बोअरचं पाणी पेली, बाई. हे पाहा." चंदाने ओठ वर करून दाखवला. तिच्याही दातांवर फिक्या रेघा होत्या. केवळरामने इतक्या वर्षांत त्या कधी पाहिल्या नव्हत्या. "लहानपणी, दात हिरडीत घडत असतात तवा, सालोसाल लय फ्लोराईडचं पाणी पोटात गेलं तर असं होते. तुहा नवरा का आता दूध पिते? त्याचे दात घडून चाळीस वर्सं झाले."

"जहर थे जहर."

"मीठ जहर होय का? चिमूटभर टाकतेस भाजीत. डब्बा पालथा कर ना एकदा, मंग पाहू कोण जेवते." चंदा ओट्यावर टेकली. "पेस्ट प्याची नाही. वाटाण्याएवढी घ्याची, घासाची, थुकाची. लहान पोराले तांदळाच्या दाण्याएवढी. अन् आपल्या गावच्या बोअरचं पाणी तपासलेलं हाय, मीच शिशी भरून देल्ली होती. त्यात नाही निंगालं."

रुख्मा अजून खाली यायला तयार नव्हती. "मंजनान का होत नाही? माहा बाप राखुंडीन घासे."

"घासून कचरा निंगते. पण धुऱ्याले खेकड्यानं पोखरलं तर तू का करतेस? धुरा झाडून काढतेस का माती लावतेस?"

 धानाच्या बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, खेकडे भोकं पाडतात आणि रातोरात पाणी निघून जातं, हे रुख्माला कोणी शिकवायला नको होतं. त्या आठवड्यात तिने स्वतः चार ठिकाणी चिखल थापला होता.

"माती लावतो," ती शेवटी म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता नळी उचलून त्याच्यापुढे ठेवली. "वाटाण्याएवढी. मी पाहून राहीन."

आपल्याकडे बाई आडवी आली की लोक तिला अडाणी म्हणून मोकळे होतात. रुख्मा अडाणी नव्हती. तिने भावाचं तोंड पाहिलं होतं आणि बोअरवरचा लाल रंग पाहिला होता. त्यापुढचं अर्धं वाक्य तिला कुणी सांगितलंच नव्हतं. रंग मारणारे रंग मारून निघून गेले, समजावायला थांबले नाहीत.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ पेस्ट सुरू झाली. खडीसाखरेची डबी केवळरामने कोटाच्या खिशातून काढून देवापुढच्या प्रसादाच्या वाटीत रिकामी केली. पोळा गेला, गणपती गेले. भादव्यात तो मोठ्या आशेने गोंदियाला गेला. डॉक्टरने वाऱ्याची नळी लावून दात वाळवले, आरशाने पाहिले आणि म्हणाली, "वाढलं नाही. पण भरून यायला पाहिजे होतं तेवढं आलं नाही. पेस्ट दोनदा?"

"दोनदा. चुकलो नाही."

"आणि नंतर?"

"नंतर का? लोटाभर पाण्यान खळखळून धुतो. चांगल्या दहा चुळा."

हे तो अभिमानाने म्हणाला, कारण त्याच्या चुळांचा आवाज चार घरं ऐकतात. डॉक्टरने कपाळाला हात लावला. "मी सांगायला विसरले. माझीच चूक. फक्त थुंकायचं. चूळ भरायची नाही. थोडं दातावर राहू द्यायचं, तेच तर काम करतं. आणि रात्री घासलं की मग काही खायचं नाही. झोपेत लाळ कमी होते, तेव्हा त्याची जास्त गरज."

केवळराम खुर्चीत उठून बसला. "म्हणजे मी बांधीत युरिया टाकला अन् लगेच धुरा फोडला. सगळं खत वाहून गेलं नाल्यात."

"युरियाचं मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाली.

"मले माहीत हाय," केवळराम म्हणाला, आणि स्वतःवरच चिडला. तीस वर्षं शेती करणाऱ्या माणसाला हे लक्षात येऊ नये?

तिने पुन्हा लेप लावला. घरी रुख्माने पहिल्या रात्री त्याला चूळ न भरता अंथरुणावर येताना पाहिलं आणि म्हणाली, "तोंडाले चुना लावून झोपून राहिले का?" दुसऱ्या दिवशी तिनेही चूळ भरली नाही. 

दसरा तोंडावर आला तेव्हा एक गोष्ट मात्र केवळरामच्या छातीवर दगडासारखी बसली होती. मंगरूला सांगायचं होतं. दोन वेळा तो त्याच्या आंगणापर्यंत जाऊन परतला. तिसऱ्यांदा मंगरूनेच हाक मारली.

"केवळ्या, मांजरावाणी येऊन जातेस. का झालं?"

केवळराम बाजेवर बसला आणि सगळं सांगितलं. खडा, आम्ल, लाळेची पाळी. सांगताना म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. 

"म्हणजे मी तुले कीड देल्लो," मंगरू म्हणाला. "कानात सांगून."

"तुमाले ठाऊक नोहतं."

"मलेही माह्या उस्तादान कानातच सांगतलं होतं. मेला तवा त्याच्या तोंडात एक दात नोहता. आमी म्हणे, म्हातारपण होय." त्याने हाताने हवा बाजूला सारली. आवाज चढला. "सव्वीस वर्सं थे गुपित मी लपवून ठेवलो, बे. दुसऱ्या कोणाले नाही सांगतलो. का, तर इद्या बाहेर जाईन. चांगलं झालं नाही सांगतलो. बाकीचे वाचले."

मग वेगळ्याच आवाजात, "खडा नाही तं पत्ती ओली कशी ठेवतेस?"

"तेच समजून नाही राहिलं. पाण्याची शिशी ठेवतो. पण पाणी प्यायले थांबाव लागते. चार मात्रा जातेत."

मंगरूने बाजेच्या काठावर बोटाने चार ठोके मोजले.

दिवाळीआधी केवळराम शेवटचा गोंदियाला जाऊन आला. डॉक्टरने दात वाळवले, लांबून पाहिले, जवळून पाहिले. जिथे आधी खडूसारखं फिकट होतं तिथे आता चकाकी होती. डाग लहान झाला होता, पूर्ण गेला नव्हता. "हा थोडा राहील. दिसायला राहील. पण थर कडक झाला आहे, कीड थांबली आहे. दात टिकतील, जोवर तुम्ही हे सोडत नाही."

"फुंकू?"

"फुंका."

भाऊबीजेनंतर मंडई सुरू झाल्या. झाडीपट्टीत दिवाळी संपली की गावोगाव एकेका दिवसाची मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार हे लोकनाट्य, आणि दुपारी बँडवाल्यांचा मान. श्यामलालने कीबोर्डवाल्याला बरोबर आणलंच होतं. बँड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहिला, आणि पोरगा स्टँड लावून, तारा जोडून एका बाजूला बसला. "देखते हैं," एवढंच श्यामलाल म्हणाला.

केवळरामने माउथपीसवर दात टेकवले. एक क्षण थांबला. कळ आली नाही. त्याने फुंकलं.

पहिलं गाणं स्वच्छ गेलं. दुसऱ्या गाण्याच्या मधोमध तोंड सुकायला लागलं. पत्ती जड झाली. आता थांबलं तर गाणं उघडं पडणार आणि श्यामलालची मान कीबोर्डकडे वळणार. ती वळायला लागलीच होती. तेवढ्यात मागून मंगरूची झांज उठली. नेहमीची ठोक्याला ठोका देणारी नव्हे. कडेकडेने घासत, थरथरत, पाऊस पत्र्यावर सरकत यावा तशी ती चढत गेली, आणि चार मात्रा भरून काढून बरोबर समेवर आपटली. तेवढ्यात केवळरामने दोन घोट पाणी पिऊन क्लॅरिनेट उचललं होतं. समेवर दोघं एकत्र पडले. लोकांना वाटलं हे असंच बसवलेलं आहे. त्यांनी शिट्ट्या मारल्या. ढोलवाल्याने चमकून मागे पाहिलं. त्याने म्हाताऱ्याला असं वाजवताना चार वर्षांत ऐकलं नव्हतं.

प्रत्येक गाण्यात मंगरूने तेच केलं. कुठे थांबणार हे केवळरामने त्याला सांगितलं नव्हतं. ज्याने श्वास घ्यायला शिकवलं त्याला तो कधी संपणार हे कळतंच.

ट्रॉलीवरून उतरल्यावर श्यामलालने कीबोर्डवाल्याला चहा पाजला आणि त्याला म्हणाला, "बेटा, तू शादी में लाइट के पास बैठना. क्लारनेट का पार्ट छोड़ दे." मग केवळरामकडे येऊन, "वो बीच में झांज का, वो किसने बिठाया?"

"उस्तादन," केवळराम म्हणाला.

श्यामलालने मंगरूकडे पाहिलं, मान हलवली आणि निघून गेला.

मंडईवाल्यांनी शरबत आणलं होतं. केवळरामने पेला हातात घेतला, एकदम पिऊन टाकला आणि वर पाणी प्याला. चंदाने सांगितलं होतं, प्यायचं तर एका दमात, घोट घोट लावून बसायचं नाही. मंगरू त्याच्या बाजूला ट्रॉलीच्या फळीवर टेकला. बराच वेळ तो हिरड्यांवरून जीभ फिरवत राहिला.

"केवळ्या, माह्या मांगच्या सहा दाढा हायत अजून. त्याहीले चालते का तुहा थो पेस्ट?"

"चालते ना."

"वाटाण्याएवढा?"

"वाटाण्याएवढा. अन् मांगून चूळ नाही भराची. पण एकदा डॉक्टरले दाखवून घ्या. एखादीले भोक असन तं भराव लागन."

"थे पोट्टी रागावते का?"

"डॉक्टर? नाही. चंदा रागावते."

"चंदाले मी भेतो," मंगरू म्हणाला. "सोमवारची गाडी किती वाजता हाय?"